तोंडलीचा वेल आणि बीडच्या महालक्ष्म्या

गणपतीच्या दिवसांत कोकणातलं माणूस कोकण सोडत नाही. मुंबई-पुण्याची माणसं आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांना मोदक करून घालतो, अशी रीत आहे. यंदा मी ती मोडली. आमचा गणपती दीड दिवसाचा. चिपळूणला त्याचं विसर्जन झालं, हात पुसले, आणि पुण्याला जाऊन सुनेबरोबर बीडच्या वाटेला लागले. आमची गौर धाकट्या दिरांकडे बसते. यंदा तेरड्याची रोपं आणायला आणि घावन काढायला मी नसणार हे कळल्यावर जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "एवढं काय ठेवलंय बीडला?"

"तोंडली," मी म्हटलं.

त्यानंतर त्या माझ्याशी नीट बोलल्या त्या थेट नवरात्रात.

खरं तर माझी कारणं दोन होती. आमची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी. लग्न झालं तेव्हा सासूबाई घेऊन गेल्या होत्या, त्यानंतर आम्ही दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आलो. दुसरं कारण सून. शीतलचं माहेर बीडपासून जवळ, नारायणगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. तिचं आणि माझ्या मुलाचं लग्न पुण्यातल्या हॉलमध्ये मोजक्या माणसांत झालं, त्यामुळे विहीण म्हणून मी तिच्या घराचा उंबरा अजून ओलांडलेला नव्हता. तिच्या आईचा दर सणाला फोन यायचा, "ईनबाई, कवा येताव?" मुलाला सुट्टी नव्हती, शीतलला तर जायलाच हवं होतं. म्हटलं, चला, मीच येते सोबत.

शीतल वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आणि तिचा विषय आहे तोंडली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. तोंडलीत शोधायचं काय? ओले काजू घालून भाजी करावी, नाहीतर मसालेभातात टाकावी. पण नगर मागे पडल्यावर एसटीत आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली आणि तिनं मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. चुकलं तर दोष माझा.

बहुतेक झाडांच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही नांदतात. जास्वंद तशी आहे. फार पूर्वी तोंडलीच्या पूर्वजांचंही तसंच काहीतरी असणार. मग कधीतरी एखाद्या झाडाचे पुंकेसर वांझ झाले आणि ते नुसती मादी उरलं, दुसऱ्या एखाद्याचं फळ धरणं बंद पडलं आणि ते नुसता नर उरलं. हे ठरवणाऱ्या गोष्टी ज्या गुणसूत्रावर बसल्या, ते गुणसूत्र हळूहळू आपल्या जोडीदारापासून फटकून वागायला लागलं. एरवी जोडीतली गुणसूत्रं आपापसांत तुकड्यांची देवघेव करतात, त्यात बिघडलेलं दुरुस्त होतं. नर ठरवणाऱ्यानं, म्हणजे वाय गुणसूत्रानं, बहुतेक देवघेवच थांबवली. मग त्याच्यावर नको असलेलं सामान साठत गेलं. माणसाचा वाय झिजून एवढासा राहिला. तोंडलीचा वाय त्या मानानं कालचा पोर, पण इतका फुगला आहे की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांत मोठा तोच दिसतो.

"म्हणजे आमचा माळा," मी म्हटलं. आमच्या माळ्यावर सासऱ्यांच्या मोडक्या छत्र्यांपासून मुलाच्या पाळण्यापर्यंत सगळं आहे, कारण ते खाली काढून कुणाला काही देण्याची आमच्या घरी पद्धत नाही. शीतल खूप हसली आणि म्हणाली, "आई, हे मी वर्गात सांगणार."

मग तिनं मला खरी गोष्ट सांगितली. गेल्या पावसाळ्यात माहेरच्या कुंपणावर तिला एक वेल सापडला होता. त्याला तोंडली लागलेली, म्हणजे तो मादी. पण त्याच्या काही फुलांत पुंकेसर होते, नराला असतात तसे. वाय नसताना पुंकेसर आले असतील तर ती मोठीच गोष्ट होती. नर-मादी वेगळे होण्याची वाट जिथून सुरू झाली, तिथलं काहीतरी त्या फुलात शिल्लक असण्याची शक्यता होती. तिनं फोटो काढले, कळ्या बाटलीत भरून पुण्याला नेल्या. पण कळ्या उशिरा तोडलेल्या, त्यात पेशी दिसायला हव्यात तशा दिसल्याच नाहीत. राहिले फोटो. ते पाहून तिच्या गाइडनी सांगितलं, "एका कुंपणावर दोन वेल गुंतलेत. फूल एकाचं, फळ दुसऱ्याचं. तू फसलीस." गणपती उठले की तिला कमिटीसमोर उभं राहायचं होतं. तोवर ठोस पुरावा नसेल तर प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकायचं, असं ठरलेलं होतं. आणि तशी फुलं त्या वेलाला या थोड्या आठवड्यांतच येतात.

"आणि फसली असशील तर?" मी विचारलं.

"तर फसले म्हणून सांगेन," ती म्हणाली. "पण मला बघायचंय."

हे उत्तर मला आवडलं. माझी सून आहे याचा मला त्या एसटीत, मांडीवर शेंगदाण्याची टरफलं घेऊन, अभिमान वाटला.

रस्त्याकडेचे नर

बीडच्या स्टँडवर उतरलो तर समोर क्लासच्या पाट्याच पाट्या. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो उमेदवारांच्या फोटोंपेक्षा मोठे. तिथून काळीपिवळी जीप धरली. मी कोकणातली, आमच्याकडे झाडांमुळे शेजारचं घर दिसत नाही. इथे नजर अडवायला काहीच नव्हतं. काळ्या रानात सोयाबीन, त्यापलीकडे फुलावर आलेली कपाशी, लांब बालाघाटाची रांग, आणि पुढच्या गावाच्या देवळाचा कळस इथूनच दिसतो. एवढं उघडं आभाळ मी समुद्रावर सोडून कुठे पाहिलेलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी महालक्ष्म्या, म्हणजे तिकडच्या गौरी, घरात येणार, त्याआधी पोचायचं, असं ठरलं होतं. पण वाटेत एका बाभळीच्या कुंपणावर पांढरी फुलं दिसली आणि शीतलनं जीप थांबवायला लावली.

ती सगळी नर तोंडलीची फुलं होती. मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. आमच्याकडे तोंडलीचा मांडव प्रत्येक परसात, पण शेजारणीकडून काडी आणायची आणि लावायची. सगळ्या काड्या मादीच्या. अख्ख्या आळीत एकही नर नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा जीपमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"ताई, भाजी पायजे तर बाजारात घ्या की," ड्रायव्हर म्हणाला. "हे कडू हाय. अन् त्येला तर फळबी न्हाई."

"म्हणूनच बघायचंय," शीतल म्हणाली.

त्यानं आमच्याकडे एकदा बघितलं, बॅगा खाली ठेवल्या आणि तो निघून गेला. शीतल फोटो काढत राहिली, मी दगडावर बसून राहिले. शेवटी तिचे वडील वसंतराव टेम्पो घेऊन न्यायला आले, तोवर सूर्य डोंगराला टेकला होता. मला बघून त्यांनी आधी नमस्कार केला आणि मग लेकीला विचारलं, "पुन्हा तोंडलं का?"

लक्ष्म्या बसल्या होत्या

दारात विहीणबाई, चंद्रकलाबाई, उभ्याच होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि माझा हात धरून आत नेलं. हात खरबरीत आणि पकड अशी की मी मागे फिरायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

आमची गौर म्हणजे तेरड्याची जुडी, तिला मुखवटा, साडी. इथे दोघी जणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, माणसाएवढ्या उंच उभ्या. जरीच्या साड्या, गळाभर दागिने, पुढे गव्हा-तांदळाच्या राशी. आणि पायाशी दोन लेकरं, एक मुलगा, एक मुलगी, दोघांनाही नवे कपडे. वर लाकडी चौकटीचा मांडव, त्याला करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. आणि चौकटीच्या दोन्ही खांबांवरून वर चढवलेला, पानांनी भरलेला एक हिरवागार वेल. बुडं पाण्याच्या तांब्यांत. मध्ये मध्ये लालबुंद पिकलेली तोंडली आणि टोकांना कळ्या.

शीतल हात जोडून उभी होती, ती तशीच राहिली. मग ती मागच्या दारानं गेली आणि परत आली.

"माय, कुंपणावरचा वेल?"

"त्योच हाय की ह्यो," विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "बग कसा सजलाय."

झालं होतं असं. महालक्ष्म्या घरात आणताना पावलं काढत त्यांना सगळं घर दाखवायचं असतं: कोठी, गोठा, बोअर, न्हाणी. बोअरकडे जाणारी वाट कुंपणाला लागून, आणि त्या वाटेवर वेल लोंबत होता. लक्ष्मीच्या पदराला अडकेल म्हणून विहीणबाईंनी सकाळी वसंतरावांना विळा लावायला सांगितला. विळा लावल्यावर त्यांना वाईट वाटलं.

"फळता येल," त्या मला म्हणाल्या, "आजच्या दिशी उकिरड्यावर कशाला टाकावा? म्हनलं, लक्ष्मीच्या डोक्यावर सजंल."

"मी म्हनलो होतो, पोरीला इचार," वसंतराव दारातून म्हणाले.

"तुमी काय बी म्हनला न्हाईत. तुमी इळा शोधत होताव."

शीतलनं हळूच विचारलं, "माय, सकाळी त्यातल्या थोड्या कळ्या काढू?"

"आता न्हाई माय. लक्ष्म्या बसल्या. त्या उठंस्तोवर मांडवातलं पानबी हलवायचं न्हाई."

उठणार परवा. परवापर्यंत तोडलेल्या वेलाच्या कळ्या माना टाकणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. शीतल "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. ती आईशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या आईला त्या वेलाची किंमत माहीत नव्हती असं नाही. लेक तोंडलीचं काहीतरी करते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण त्यांच्या डोक्यात तोंडली म्हणजे तोंडली. हा वेल गेला तर दुसरा आणू, कुंपणं काय कमी आहेत.

जेवणाचा दिवस

सकाळी मी उठले तर चुलीवर पुरण शिजत होतं आणि स्वयंपाकघरात शेजारच्या बायका भाज्या चिरत होत्या. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात. भोपळा, दोडका, कारलं, गवार, आळू, भेंडी, पडवळ... मी मोजायचं सोडून दिलं. शिवाय पुरणपोळी, आंबील, कढी, भजी. आमची गौर घावन आणि घाटलं खाऊन तृप्त होते. मी हे सांगितल्यावर एका बाईनं माझ्याकडे अशा कळवळ्यानं पाहिलं की मला आमच्या गौरीची बाजू घेऊन थोडं खोटं बोलावं लागलं.

शीतल मागे कुंपणापाशी उकिडवी बसली होती. विळ्यानं तोडलेल्या जागेचे फोटो काढत होती.

"आई, बघा. बुडका एकच आहे." तिनं माती बाजूला केली होती. मनगटाएवढं जाड एक मूळ, त्याच्यापासून फुटलेले फाटे, आसपास दुसरं काही नाही. "दोन वेल नव्हते. मायनं वेल कापला म्हणूनच हे इतकं स्वच्छ दिसलं."

"मग झालं ना?"

"अर्धं झालं. फुलात काय आहे आणि वाय आहे का नाही, हे कळीशिवाय कसं सांगू? आत्ता, सकाळीच तोडायला हवी." ती उठली, हात झटकले. "जाऊ दे. पुरण वाटायचंय."

ती आत गेली. मी तिथेच उभी राहिले आणि मला राग आला. विहीणबाईंचा नाही, लक्ष्मीचा तर नाहीच. त्या "जाऊ दे" चा आला. माझ्या माहितीतल्या प्रत्येक हुशार बाईनं कधी ना कधी तो शब्द म्हटलेला आहे, आणि तो म्हटला की हातात पुरणयंत्र येतं.

आत विहीणबाई माझी वाट बघत होत्या. पाट मांडलेला, ताटात तांदूळ, नारळ, हिरवी जरीची साडी. विहीण पहिल्यांदा दारी आली, तिचा मान सोळा भाज्या चुलीवर चढायच्या आधी व्हायला हवा. मी लक्ष्म्यांसमोर पाटावर बसले. चिरायच्या विळ्या बाजूला ठेवून बायका गोळा झाल्या.

"मागा काय मागायचं ते," कुंकू लावता लावता विहीणबाई म्हणाल्या. "लक्ष्मीम्होरं ईनबाईनं मागितलेलं न्हाई म्हनायचं नसतंय."

"नातू मागा," कळवळ्याची बाई म्हणाली. तिनं लक्ष्मीच्या पायाशी बसलेल्या दोन लेकरांतल्या मुलाकडे बोट दाखवलं. "पुढल्या वर्सी असं लेकरू घेऊन या. लई दिस झाले की लग्नाला."

बायका हसल्या. शीतल पुरण वाटत होती, ती वाटतच राहिली, फक्त मान आणखी खाली गेली. आणि मला काय मागायचं ते एकदम कळलं.

"विहीणबाई, मागेन ते द्याल?"

"व्हय. तुमी मागा तर खरं."

"मग साडी राहू दे. ओटीत त्या वेलाचा एक फाटा घाला. कळ्यांसकट. आत्ता."

पुरणयंत्र थांबलं. कळवळ्याच्या बाईनं कानाला हात लावला. "मांडवातलं मोडत न्हाईत, ईनबाई. लक्ष्मी कोपती."

विहीणबाईंनी मांडवाकडे पाहिलं. नारळ हातात घेऊन उभ्या राहिल्या. मला त्यांची अवस्था कळत होती. आमच्या घरी कुणी गौरीच्या माथ्यावरचं काही मागितलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. एकीकडे लक्ष्मी, दुसरीकडे विहीण, आणि दोन्हींचा मान त्यांच्याच हातात. मागायला नको होतं असंही क्षणभर वाटलं. पण शब्द परत घ्यायची मला सवय नाही.

"कशाला पायजे तुमाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मला नको. माझ्या सुनेला हवाय. पुण्यातली माणसं म्हणतात ती फसली. त्या कळ्यांत उत्तर आहे, आणि उद्या त्या सुकतील."

"फसली म्हनत्यात?" त्यांनी वळून लेकीकडे पाहिलं. "हे कावून न्हाई सांगितलंस मला?"

"तू विचारलं नाहीस माय," शीतल म्हणाली.

विहीणबाईंनी नारळ ताटात ठेवला. मांडवासमोर गेल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मग लक्ष्मीच्या पायाशी बसलेल्या दोन लेकरांतल्या मुलीच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं आणि ज्येष्ठेच्या तोंडाकडे बघून, शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या.

"माय, तुलाबी लेक हाय. तुला समजतंय."

त्यांनी हात वर करून कळ्यांनी भरलेला एक लांब फाटा काढला. पान खाली पडलं नाही, दिवा विझला नाही. त्यांनी तो माझ्या पदरात तांदळावर ठेवला, वर नारळ, आणि त्यावर साडी.

"साडी नको म्हटलं ना मी."

"घ्यायची. आमच्याकडं मान अर्धा देत न्हाईत."

मी पदर सावरत मागच्या दारी गेले. शीतल माझ्याआधी तिथे होती. तिच्याकडे एक बाटली होती, तिला आमच्या कैरीच्या लोणच्यासारखा आंबट वास. त्यात एकेक लहान कळी ती चिमट्यानं सोडत गेली. एक मोठी कळी तिनं सुईनं उघडली आणि भिंग माझ्या हातात दिलं. देठाशी तांदळाच्या दाण्याएवढं इवलं हिरवं तोंडलं, आणि त्याच कळीच्या पोटात पिवळे पुंकेसर. दोन्ही एकाच ठिकाणी. मलासुद्धा दिसले, म्हणजे कमिटीला दिसायला हरकत नव्हती.

शीतल रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की काय बोलावं कळेना, म्हणून मी म्हटलं, "बाटलीचं झाकण लाव, नाहीतर वास जेवणात जाईल."

दुपारी पंगतीत विहीणबाईंनी मला स्वतः वाढलं. सोळा भाज्यांपैकी एक तोंडलीची होती, किंचित कडसर. "त्याच येलाची, काल कापतानाच काढून ठिवलती," त्या म्हणाल्या. मी घास हातात धरून शीतलकडे पाहिलं. "खा आई," ती म्हणाली, "फळं भरपूर आहेत." प्रबंधाचा विषय जेवलेली मी जगातली पहिली सासू असेन की नाही, ते मला सांगता येणार नाही.

नारायणगड

लक्ष्म्या उठल्या त्या दिवशी सकाळी वसंतरावांनी आम्हाला टेम्पोत घालून नारायणगडावर नेलं. तुलनेसाठी नर वेलाच्या कळ्या हव्या होत्या आणि त्या गडाच्या पायथ्याच्या कुंपणांवर रग्गड मिळतात. शीतल बाटली घेऊन कुंपणात शिरली आणि आम्ही दर्शनाला वर गेलो. वरून चारी बाजूंना उघडं रान, लांब धुरकट बीड. दर्शन होईपर्यंत वसंतरावांना ओळखीची जी जी माणसं भेटली, त्या सगळ्यांना त्यांनी माझी ओळख करून दिली.

"ह्या माझ्या लेकीच्या सासूबाई, कोकनातल्या. ह्यांनी लक्ष्मीम्होरं वटीत येल मागितला. अन् लेक माझी तोंडल्याची डॉक्टर हाय."

"तोंडल्याला काय झालंय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्येला काय बी झालं न्हाई. पन तिला त्याचं आतलं समदं म्हाईत हाय."

परतताना चहाच्या टपरीवर त्यांनी हेच पुन्हा सांगितलं, आणि टपरीवाल्यानं आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

अंबाजोगाई

अंबाजोगाईला शीतलची मैत्रीण फरहाना एका कॉलेजात शिकवते. तिचे वडील बीडच्या मंडईतले फळांचे व्यापारी. तिनं आमच्यासाठी त्यांच्याकडून सीताफळांची पेटी आणवून ठेवली होती. कुलदेवीच्या देवळाआधी मी प्रयोगशाळेत गेले, हे मी कबूल करते. आमची योगेश्वरी लग्नाचं वऱ्हाड वेळेत आलं नाही म्हणून कायमची थांबलेली देवी आहे, असं सांगतात. तिला थोडं थांबायची सवय आहे, असा मी विचार केला.

दोघींनी कळ्या लाल रंगात भिजवल्या, काचेवर दाबल्या आणि तासनतास नळीतून बघत राहिल्या. एकीनं मोजलं की दुसरी पहिलीला न विचारता पुन्हा मोजायची. मी खिडकीत बसून सीताफळं खात होते.

मग फरहानानं मला बोलावलं. "आई, चष्मा काढा आणि इथे बघा. ही गडावरच्या नराची."

आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग लाल ठिपके. गव्हाच्या दाण्यांसारखे, जोडीजोडीनं, आणि एका जोडीत एक लांबडा, बाकीच्यांना पुरून उरेल असा. तोच माळा.

"आता ही ओटीतली."

पुन्हा दाणे, पुन्हा जोड्या. मी लांबडा शोधला. काच इकडेतिकडे सरकवून त्यांनी मला आणखी पेशी दाखवल्या. कुठेच नव्हता. सगळ्या जोड्या सारख्याच दिसत होत्या.

"लांबडा कुठे गेला?" मी विचारलं.

शीतलनं पुन्हा नळीला डोळा लावला. फरहानाच म्हणाली, "नहीं है, आई. हाच तर मुद्दा आहे."

वाय नाही, आणि पुंकेसर आहेत. शीतल फसली नव्हती. पुंकेसर कुणाच्या आज्ञेनं आले, हे अजून शोधायचं आहे; एका वेलावरून जगाचा नियम बांधता येत नाही, असं तिनं मला दोनदा बजावलं. पण प्रकरण राहिलं. तिनं गाइडना फोटो पाठवले, संध्याकाळी उत्तर आलं: "वेल एकच होता म्हणायचा. कमिटीत हेच आधी दाखव." तिनं ते मला वाचायला दिलं, मग फरहानाला दिलं, मग परत घेऊन स्वतः वाचलं.

मग आम्ही देवळात गेलो. देवीची ओटी भरली, कुटलेल्या विड्याचा तांबूल खाल्ला. या वेळी मागायला काही उरलेलं नव्हतं, त्यामुळे मी नुसतीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी शीतलनं ओटीतल्या फाट्याची वाळवलेली डहाळी जाड कागदावर शिवली. असे नमुने पुण्याला जपून ठेवतात, पुढच्या संशोधकांना बघायला. खाली चिठ्ठी चिकटवायची असते: वेलाचं नाव, गाव, जागा, आणि तोडणाऱ्याचं नाव. जागेपुढे तिनं लिहिलं, "महालक्ष्मीच्या मांडवातून." नावाच्या जागी ती माझं नाव लिहायला लागली.

"मी फक्त पदर पसरला," मी म्हटलं. "जिनं तोडला तिचं लिही."

तिनं तेच लिहिलं आणि आम्ही गावी फोन लावला. मी चिठ्ठी वाचून दाखवली. वेलाचं लांबलचक शास्त्रीय नाव वाचताना माझी जीभ वळेना, पण त्यांचं नाव मी स्पष्ट वाचलं.

"ते कुठं ऱ्हाईल?" विहीणबाईंनी विचारलं.

"पुण्यात, कपाटात. आपण सगळे गेल्यावरही राहील."

"त्यांचं न्हाई ना लिवलं? इळा त्यांनी लावलता."

"नाही. फक्त तुमचं."

मग त्या म्हणाल्या, "ईनबाई, बुडक्याला पानी घातलंय म्या. भवताली काट्या लावल्यात. पुढल्या साली लक्ष्म्या दुसऱ्या वाटंनं आनीन."